पाठीत स्क्रू, पण कागद कुठे?

मणक्याचं फ्यूजन फसलं आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली, की घरात चर्चा होते ती सर्जनची, खर्चाची, फार तर नवसाची. आत बसवलेले स्क्रू कोणत्या कंपनीचे, हे कोणी विचारत नाही. मिरजेत ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आमची सर्वात जास्त धावपळ याच प्रश्नापायी व्हायची.

जत, अथणी, चिकोडीकडून पेशंट यायचे. एक मावशी नवऱ्याचे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. मेडिकलची बिलं तारखेवार टाचलेली, एमआरआयचं पाकीट, पावसात भिजून एकमेकींना चिकटलेल्या एक्स-रे फिल्मा. "सिस्टर, एक चिठ्ठी टाकली नाही बघा," म्हणाल्या. खरंच टाकली नव्हती. पण डिस्चार्ज कार्डावर एल-फोर, एल-फाइव्हचं फ्यूजन केलं, एवढी एकच ओळ. ऑपरेशनची सविस्तर नोंद नाही, इम्प्लांटचा स्टिकर नाही. पहिल्या हॉस्पिटलात मुलगा जाऊन आला, तर फाइल जुनी झाली म्हणून त्याला परत पाठवलेलं.

हा कागद इतका महत्त्वाचा का? फ्यूजनमध्ये दोन मणके जोडतात ते खरं तर हाडाने. बऱ्याचदा पेशंटच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे तिथे घालतात. स्क्रू आणि रॉड म्हणजे स्लॅबखालचं सेंटरिंग. हाड जुळेपर्यंत भार त्यांनी पेलायचा. हाड जुळलंच नाही, तर रोजच्या हालचालीने स्क्रू ढिले होतात, एक्स-रेत त्यांच्याभोवती काळी कड दिसते, कधी रॉडच तुटतो. मग ते काढून नवे बसवायचे, तर ज्याचा त्याचा पान्हा लागतो. कोणाच्या स्क्रूचं तोंड षटकोनी, कोणाचं चांदणीसारखं, मापंही निरनिराळी.

कागद नसेल तर सर्जन एक्स-रेवरून अंदाज बांधतात, कंपन्यांच्या माणसांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो, "हे तुमचे का?" रात्री दोन-तीन कंपन्यांचे सेट येतात, सगळे ऑटोक्लेव्ह करायचे. तरी टेबलावर पान्हा बसला नाही तर स्क्रूचं तोंड झिजतं आणि ऑपरेशन लांबतं. मुळात तिथे जुन्या जखमेचा घट्ट व्रण झालेला, नसांचं आवरण त्याला चिकटलेलं; ते फाटायचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त. त्यात वाढलेला प्रत्येक तास आणि रक्तस्राव पेशंटच्या अंगावर जातो.

नियम आहे, पण तोकडा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. फ्यूजनच्या वरचा किंवा खालचा मणका झिजून त्रास सुरू होतो तो बरेचदा त्याही नंतर. स्क्रू जन्मभर अंगात आणि त्यांची नोंद ३ वर्षं, हा कुठला हिशेब? २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधून दिली, तेव्हा बिलात ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर दाखवण्याचं बंधन हॉस्पिटलांवर आलं. मणक्याच्या स्क्रूंनाही तेच लावा. स्टिकर पाकिटातच असतो, आम्ही तो केसपेपरवर चिकटवतोच. दुसरा डिस्चार्ज कार्डावर लावायला असा किती वेळ लागणार?

दुसऱ्या ऑपरेशनला होकार देण्याआधी आणखी एक विचारा: नेमकं फसलं काय? हाड जुळलं नाही, आत जंतुसंसर्ग आहे, नस अजून दबलेली आहे, की दुखणं मुळात खुब्याचं होतं? जुळणी बघायला साध्या एक्स-रेपेक्षा सीटी स्कॅन चांगला. संसर्गाचा अंदाज सीआरपी, ईएसआरच्या रक्ततपासणीतून येतो. कारण न सापडता नुसतं दुखतंय म्हणून पुन्हा पाठ उघडणं मला कधीच पटलं नाही. दर ऑपरेशनगणिक गुण येण्याची शक्यता कमीच होत जाते.

आणि तंबाखू. निकोटीनने हाड जुळायला अडथळा येतो, मग ती बिडी असो, गुटखा असो की बायकांची मिश्री. "मिश्री म्हणजे काय तंबाखू थोडीच," असं मला कित्येकींनी ऐकवलंय. तंबाखूच ती, भाजलेली. साखर हाताबाहेर असेल, हाडं ठिसूळ असतील, तर आधी त्याचा बंदोबस्त करा. नाहीतर नवे स्क्रूही त्याच वाटेने जातील.

सरकार नियम करील तेव्हा करील. तुमच्या घरात कोणाचं फ्यूजन ठरलं असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटच्या स्टिकरची झेरॉक्स मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ऑपरेशन आधीच झालं असेल, तर ३ वर्षं उलटायच्या आत हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.