गोळी अर्धी करण्यापूर्वी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर '१/२-०-१/२' एवढेच लिहिलेले असते. औषध दुकानदार गोळ्या मोजून देतो आणि त्या अर्ध्या कशा करायच्या, हा प्रश्न घरच्या ओट्यावर सोडवला जातो. कुणी भाजीची सुरी घेते, कुणी दोन बोटांत धरून मोडते, तर कुणी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढते. एक तुकडा मोठा होतो, एक लहान आणि थोडी भुकटी ताटलीत उरते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार असे रोज गोळी लागणारे आजार असलेल्या घरांत हे नित्याचेच आहे. त्यामुळे 'गोळी तोडलेली चालते का' हा प्रश्न कुणाला विचारावासाही वाटत नाही. तो विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर प्रत्येक गोळीगणिक बदलते.

गोळी अर्धी करणे मुळातच चुकीचे आहे, असे नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत एक ते दोन वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरून पाण्यातून दिली जाते. जुलाब झालेल्या दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला झिंकची २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून देतात. स्टेरॉइड बंद करताना मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, तेव्हाही अर्ध्या गोळीवाचून अनेकदा चालत नाही. या ठिकाणी निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो आणि ती गोळी तोडण्याजोगी असते. धोका आहे तो सगळ्या गोळ्या सारख्याच मानण्यात.

बाहेरून साधी दिसणारी गोळी आतून तशी नसते. काही गोळ्यांत औषध हळूहळू, दिवसभर सुटत राहावे अशी रचना केलेली असते. त्यांच्या नावापुढे बहुधा एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल अशी अक्षरे असतात. अशी गोळी मोडली, चावली किंवा कुटली, तर कित्येक तासांचे औषध थोड्या वेळातच रक्तात उतरू शकते. निफेडिपिनच्या अशा गोळीने रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो. मधुमेहातली मेटफॉर्मिन एसआर आकाराने मोठी असते, म्हणून अनेक जण ती मोडून गिळतात. तसे केल्याने औषध संथपणे सुटण्याची सोयच जाते आणि पोटाचा त्रास वाढू शकतो.

काही गोळ्यांवर आम्लाला दाद न देणारे आवरण असते. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी पँटोप्राझोल हे त्याचे घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण. हे औषध जठरातल्या आम्लात नष्ट होते, म्हणून आवरण त्याला आतड्यापर्यंत सुखरूप नेते. गोळी तोडली की आवरण फुटले आणि औषधाचा उपयोग कमी झाला. काही गोळ्यांत हेच आवरण औषधापासून जठराचे रक्षण करते. हाडे ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी अॅलेंड्रोनेटची गोळीही मोडू वा चावू नये, कारण तिने घसा आणि अन्ननलिकेचा दाह होतो. मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांची गोळी घरी तोडणे तर टाळावेच, कारण तिची भुकटी हाताळणाऱ्यालाही अपाय करू शकते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडची मोडलेली गोळी गरोदर स्त्रीने हाताळू नये.

म्हणजे अक्षरे पाहिली की काम झाले का? तसेही नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्या औषध हळूहळू सोडणाऱ्या असूनही मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात. त्यांत औषध असंख्य सूक्ष्म कणांत भरलेले असते आणि प्रत्येक कणाला स्वतःचे आवरण असते. कुटायची किंवा चावायची मात्र तीही नाही. गोळीवरची रेघही दर वेळी विश्वासाची नसते, कारण काही रेघा केवळ ओळखीसाठी असतात.

गोळी तोडण्याजोगी असली, तरी दोन भाग समान होतात का, हा पुढचा प्रश्न. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ प्रकारच्या गोळ्या वेगवेगळ्या पद्धतींनी तोडून तुकड्यांचे वजन केले गेले. ३१ टक्के तुकडे अपेक्षित वजनापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक आणि १४ टक्के तुकडे २५ टक्क्यांहून अधिक चुकले. कात्री आणि सुरीपेक्षा गोळ्या कापण्याचे छोटे यंत्र सरस ठरले, पण तेही अचूक नव्हते.

हा फरक प्रत्येक औषधात सारखाच महत्त्वाचा नसतो. अॅम्लोडिपिन शरीरात दीर्घकाळ टिकते. आजचा तुकडा थोडा मोठा आणि उद्याचा लहान झाला, तरी सरासरी सांभाळली जाते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, फिट्ससाठीचे फेनिटॉइन यांचे तसे नाही. त्यांत उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतरच थोडे असते. या औषधांची अर्धी गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तर जरूर घ्यावी, पण ती मोडण्याची रीत समजून घेऊन.

लोक गोळ्या का तोडतात, याकडेही पाहायला हवे. पहिले कारण पैशाचे. दुप्पट मात्रेची गोळी अनेकदा दुप्पट किमतीची नसते, म्हणून ती अर्धी करणे परवडते. निवृत्तिवेतनावर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घराला या बचतीबद्दल बोल लावता येणार नाही. पण त्यावर आधी विचारायचा उपाय म्हणजे तेच औषध योग्य मात्रेत, कमी किमतीत जनऔषधी केंद्रात मिळते का, हा. दुसरे कारण गिळता न येण्याचे. अशा वेळी पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळू शकते, पण ती अडचण डॉक्टरांच्या कानावर घातली पाहिजे.

खरी जबाबदारी मात्र रुग्णाच्या अलीकडे सुरू होते. डॉक्टरांनी 'अर्धी' लिहिण्याआधी त्या मात्रेची अख्खी गोळी बाजारात आहे का, हे पाहावे. थायरॉइडच्या औषधाच्या तर २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम अशा कितीतरी मात्रा मिळतात. 'अर्धी' लिहायचीच असेल तर अक्षरात लिहावी, कारण '१/२' चा अर्थ घाईत 'एक किंवा दोन' असाही लावला जाऊ शकतो. रुग्णाशी औषधाबद्दल बोलणे हा फार्मासिस्टच्या कामाचाच भाग आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत तसे नमूद आहे. पाच-सहा गोळ्यांसाठी पट्टी कापून देताना अनेकदा नाव, मुदत आणि सूचना दुकानातच राहतात. एका कंपनीची गोळी संपली म्हणून दुसरीची दिली, तर तिच्यावर रेघ नसू शकते. हे गिऱ्हाइकाला सांगायला अर्धा मिनिट पुरतो. औषध कंपन्यांनीही 'अर्धी करता येते' किंवा 'अखंड गिळावी' हे पट्टीवर ठळकपणे आणि भारतीय भाषांत छापायला हवे. बारीक इंग्रजी अक्षरांतली सूचना चष्म्यातूनही न दिसणाऱ्या आजोबांच्या काय कामाची? युरोपच्या औषधकोशात तोडण्याजोग्या गोळीसाठी ३० गोळ्या मोडून तुकड्यांचे वजन पाहण्याची कसोटी आहे. सूचना छापली की तिच्यामागे अशी तपासणीही आली पाहिजे.

तोवर घरी एवढे पाळावे. विचारल्याशिवाय कोणतीही गोळी तोडू नये. कॅप्सूल तर नाहीच. तोडायची असेल तर रेघेवर, कोरड्या हातांनी, शक्यतो गोळी कापण्याच्या यंत्राने तोडावी. महिन्याभराच्या गोळ्या एकदम मोडून डबीत भरू नयेत. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या हवेतली ओल शोषतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते लवकर होते. एक गोळी मोडावी, उरलेला अर्धा भाग पुढच्या वेळी घ्यावा, मगच दुसरी मोडावी. आणि आजवर न विचारता गोळ्या तोडत आला असाल, तर त्या स्वतःहून बंद करू नका. पुढच्या तपासणीला सगळ्या पट्ट्या सोबत न्या आणि एकेक पट्टी दाखवून 'ही तोडलेली चालते का' असे विचारा. रक्त पातळ करणाऱ्या, हृदयाच्या किंवा फिट्सच्या गोळीबद्दल मात्र तपासणीची वाट पाहू नका. आजच डॉक्टरांना फोन करा.