खिचडा कोणी घोटावा?

विद्यार्थ्यांनो, मोहरममध्ये आपल्याकडे खिचडा होतो. गहू, डाळी व गोश्त तासन्‌तास शिजवून घोटतात. तुर्कस्तानातील ‘केशकेक’ हाही गहू-गोश्ताचाच पदार्थ. लग्नसमारंभात तेथे स्त्री-पुरुष मिळून तो मोठ्या देगेत शिजवतात. २०११ साली युनेस्कोने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. अरबांचा हरीसा त्याचाच भाऊबंद. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी आपल्या चौलला आला, तेव्हा बगदाद-बसऱ्याचे लोक येथे राहत होते. त्या काळी बगदादमध्ये हरीसा आवडीने खात. माणसांबरोबर पदार्थही प्रवास करतात.

असा वारसा जपायचा, तर कष्टही वाटून घ्यायला हवेत. घरी घोटण्याचे काम एकट्या अम्मीवर का? मुलग्यांनो, येत्या मोहरममध्ये घोटणी तुम्ही हाती घ्या. कृतीही तिच्याकडून लिहून घ्या.