मोटारीचा विमा : नूतनीकरणापूर्वी वाचावयाचे

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा बराचसा भाग अवर्षणप्रवण समजला जातो. त्यामुळे मोटार पुरात सापडेल हा विचार आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही. परंतु 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री अतिवृष्टी झाली, नाझरे धरणातून कऱ्हेत मोठा विसर्ग झाला आणि बारामती शहरातील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. ऑक्टोबर 2020 मध्ये इंदापूर तालुक्यात तसाच पाऊस कोसळला. मे 2025 मध्ये पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. दुकानातील मालाचा विमा आपण काळजीपूर्वक उतरवतो. मोटारीची पॉलिसी मात्र पोलिसांना दाखवावयाचा कागद म्हणून ठेवली जाते. म्हणून या वेळी नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांचा विचार करू.

‘थर्ड पार्टी’ विमा पुरेसा आहे काय?
1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे तो सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्यास इजा किंवा मृत्यू झाला, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई या विम्यातून मिळते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या हानीसाठी मोटारीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. स्वतःच्या गाडीची हानी, चोरी, आग व पूर यांसाठी मात्र ‘ओन डॅमेज’ भाग घ्यावाच लागतो. दोन्ही भाग असलेल्या पॉलिसीस सर्वसमावेशक म्हणतात.

गाडी पाण्यात बुडाली तर?
सर्वसमावेशक पॉलिसीत पूर समाविष्ट असतो. परंतु पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने जे बिघडते, ते साध्या पॉलिसीत परिणामजन्य हानी ठरते आणि भरपाई नाकारली जाते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे पूरक संरक्षण असते. गाडी आहे तेथेच ठेवून छायाचित्रे घ्यावीत, कंपनीस कळवावे आणि गाडी ओढून न्यावी.

दुकानाचा माल गाडीतून नेता येतो काय?
खासगी मोटारीच्या पॉलिसीत मालवाहतूक वर्ज्य आहे; केवळ नमुने व वैयक्तिक सामान चालते. कापडाचे तागे किंवा तेलाचे डबे भरलेली गाडी अपघातात सापडली, तर क्लेम अडचणीत येऊ शकतो. भाडे घेऊन प्रवासी नेणेही तसेच वर्ज्य. मालासाठी टेम्पोच वापरावा.

गाडी पेढीच्या नावावर असेल तर?
वाहनाचा मालक स्वतः चालक असेल, तर त्याला 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे आहे. परंतु ते व्यक्तीस मिळते; भागीदारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावरील गाडीस ते देता येत नाही. आपल्यापैकी अनेक घरांत गाडी हिशोबाच्या सोयीने पेढीच्या नावावर असते आणि ती चालविणाऱ्या मुलास अपघात विम्याचे कोणतेही छत्र नसते. अशा घरांनी गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाचा स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा उतरवावा.

हप्ता वाचविण्यासाठी गाडीचे मूल्य कमी लावावे काय?
नाही. गाडी चोरीस गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च विमित घोषित मूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला, तर भरपाई त्याच मूल्यावर ठरते. आज वाचविलेले काहीशे रुपये त्या दिवशी हजारोंनी वजा होतात. प्लॅस्टिक, रबर, टायर व बॅटरी यांच्या बदलीत 50 टक्के घसारा कापला जातो. नवीन गाडीस ‘झिरो डेप्रिसिएशन’ घेणे त्यामुळे हिताचे.

लहान नुकसानीचा क्लेम करावा काय?
आधी हिशोब मांडावा. क्लेम न केल्यास बोनस अनुक्रमे 20, 25, 35, 45 व 50 टक्के होतो. समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता 12,000 रुपये आहे आणि 50 टक्के बोनस मिळतो. म्हणजे वर्षाला 6,000 रुपये वाचतात. 4,000 रुपयांच्या ओरखड्यासाठी क्लेम केला तर सक्तीची 1,000 रुपयांची वजावट होऊन फार तर 3,000 हाती येतील, आणि पुढील वर्षी बोनस जाईल. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण न केल्यासही बोनस बुडतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकल्यास तो नव्या गाडीवर घेता येतो.

जुनी गाडी घेतली तर?
थर्ड पार्टी संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे येते. ओन डॅमेजसाठी 14 दिवसांच्या आत कंपनीकडे हस्तांतरणाचा अर्ज करावा.

क्लेम नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास, किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास, वर्षभराच्या आत विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात दाद मागता येते; त्यास शुल्क नाही. मात्र लोकपालही पॉलिसीतील शब्दच वाचतात. म्हणून या आठवड्यात घरातील प्रत्येक गाडीची पॉलिसी काढून चार गोष्टी पाहाव्यात : नाव कोणाचे, मुदत केव्हा संपते, मूल्य किती, आणि चालविणाऱ्याचे संरक्षण आहे की नाही.