पहिल्या सत्राचें मौन

दहावीला गणितांत नव्वदांवर गुण मिळविणारा घरचा मुलगा दिवाळीच्या सुटींत अबोल होऊन येतो. पुस्तक पुढें ठेवून तासन् तास बसतो, पण पान उलटत नाहीं, आणि शेवटीं आजीपाशीं हळूच म्हणतो, "मला दुसरीकडे घाला." वडील मंडळींचें निदान तयारच असतें : मोबाइल, मित्र किंवा शहरची हवा. आमचें निदान निराळें आहे.

महाराष्ट्रांत १९७५ सालीं दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. तेव्हांपासून मुलें पंधरा-सोळाव्या वर्षींच 'कॉलेजांत' जाऊं लागलीं. मराठी शाळेंतून विज्ञानशाखेकडे येणाऱ्यास त्याच वेळीं बहुधा भाषाही बदलावी लागते. काल ज्याला तो अपवर्तन म्हणत होता, तें आज 'रिफ्रॅक्शन' होऊन फळ्यावर येतें. जडत्वाचें 'इनर्शिया' होतें. ज्ञान त्याच्यापाशीं आहे. त्यास हाक मारावयाची कशी, एवढेंच त्यास कळत नाहीं. वर्गांतील इतर मुलें भराभर लिहून घेतात, तेव्हां आपलीच बुद्धि मंद झाली असें त्यास वाटूं लागतें.

या बाबतींत गांधीजींच्या आत्मकथेंतील दोन प्रसंग घरांत अवश्य वाचावे. राजकोटच्या शाळेंत चौथ्या इयत्तेंत भूमिति इंग्रजींतून सुरू झाली, तेव्हां त्यांस कांहींच उमजेना. खालच्या वर्गांत परत जावें असें वाटे. पण ज्या शिक्षकांनीं आपल्याला वर चढविलें त्यांस कमीपणा येईल म्हणून ते टिकून राहिले. युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापाशीं विषय एकाएकीं सोपा झाला. पुढें १८८८ मध्यें भावनगरच्या सामळदास कॉलेजांत तीच स्थिति आली. प्राध्यापक उत्तम होते, दोष त्यांचा नव्हता, असें ते स्वतःच सांगतात. पण व्याख्यानें कळेनात, आणि एका सत्रानंतर ते घरीं परतले. त्याच वर्षीं ते विलायतेस गेले, म्हणून परत फिरणें लाभतें असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. (टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें, हा दाखलाही मुलें मोठ्या तत्परतेनें देतात. तें वर्ष तालमींत गेलें, उपाहारगृहांत नव्हे.)

शाळेंत मास्तर बाकापर्यंत येतात, चेहरा वाचतात, वही मागतात. कॉलेजच्या शंभर मुलांच्या वर्गांत चेहरा कोण वाचणार? 'उपनयन' शब्दाचा अर्थच गुरूच्या जवळ नेणें असा आहे. येथें नेणारा कोणी नाहीं, ज्याचें त्यानें जावयाचें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ मध्यें पदवीच्या नवागतांसाठीं 'दीक्षारंभ' नांवाचा उपक्रम सुचविला. नांव सुरेख आहे. पण तो स्वागताच्या भाषणांतच संपला तर व्यर्थ. निदान एका प्राध्यापकाचें दार कोठें आहे, एवढें तरी मुलास त्यांतून कळावें. तास संपल्यावर एक शंका विचारावयाची, असा नेम पहिल्या महिन्यांत केला कीं भीड चेपते. इंग्रजी संज्ञा एका अंगास व मराठी दुसऱ्या अंगास, अशी एक वही ठेवावी. ती दोन-तीन महिन्यांत निरुपयोगी होईल, आणि व्हावी.

एकत्र कुटुंबांत याहून मोठी सोय असते. रोज किती गुण पडले हें विचारण्याऐवजीं आजोबांनीं म्हणावें, "आज काय शिकलास तें मला मराठींत समजावून सांग." आजोबांस अर्धें कळलें तरी चालेल. जें त्यास सांगतां येणार नाहीं, तेंच त्यास उद्यां प्राध्यापकांस विचारावयाचें आहे. वसतिगृहांतील मुलानें हें फोनवरून आईला सांगावें. स्वयंपाक करतां करतां ती ऐकेल.

मौनाचें एक कारण मात्र धीर धरण्याजोगें नाहीं. वरच्या वर्गांतील मुलें छळत असतील, तर "आम्हींही सोसलें" असें म्हणूं नये. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें तो गुन्हा आहे. मुलाचें बोलणें पुरतें ऐकून घेऊन वडिलांनीं कॉलेजच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्यावी.

आणि विषयच मनापासून नकोसा असेल, शब्द कळूनही गोडी लागत नसेल, तर शाखा बदलावी. त्यानें घराण्याला बट्टा लागत नाहीं. मात्र तो निर्णय दिवाळीच्या फराळावर न घेतां संक्रान्तीनंतरची एक परीक्षा पाहून घ्यावा.