पाकीटबंद मांसाला रंगपट्टी हवीच

मांसाच्या पाकिटात वनस्पतीच्या रंगाची पट्टी ठेवायची, मांस नासू लागले की तिचा रंग पालटतो. या संशोधनाकडे आपल्याकडे अजून गंमत म्हणून पाहिले जाते. मला ती ग्राहकाच्या हक्काची गोष्ट वाटते.

मासळी घेताना आपल्या घरातल्या बायका कल्ले उघडून पाहतात, बोटाने दाबतात, वास घेतात. कोंबडी तर डोळ्यांदेखत कापून मिळते. सीलबंद पाकिटाने हे सगळे काढून घेतले आणि बदल्यात दिली नुसती छापील तारीख. माल कारखान्यापासून आपल्या ओट्यापर्यंत सतत थंड राहिला, तरच ती तारीख खरी. आषाढात, श्रावण लागायच्या आधीच्या शनिवार-रविवारी आमच्या लोणावळ्याच्या वलवणला या. बंगल्यांवर उतरणारे पाहुणे मसाला लावलेल्या चिकनची पाकिटे डिकीत टाकून मुंबईहून निघतात आणि बोरघाटात अडकतात. वर पोचावे तर पावसाने वीज गेलेली, फ्रीज बंद. पाकिटावरची तारीख मात्र पुढच्या आठवड्याची!

पट्टीमागचे शास्त्र आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हळदीत चुना कालवून कुंकू करत, तेही याच गुणावर. मांस-मासळी कुजताना अमोनियासारखे वायू सुटतात आणि हळद, जांभूळ, लाल कोबी यांतली रंगद्रव्ये त्यांनी पालटतात. लोकांना रंग वाचता येईल का, ही शंका मला पटत नाही. पोलिओ लशीच्या कुपीवरचा चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी टाकायची, हे गावोगावच्या आरोग्यसेविका वर्षानुवर्षे बघत आल्या आहेत. तिथला रंग वेगळा, वाचायची रीत तीच.

पट्टी सगळेच सांगणार नाही, हे खरे. साल्मोनेलासारखे जंतू मांस नासलेले नसतानाही असू शकतात. २०१८ मध्ये गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला. कुजणेच रोखणाऱ्या अशा रसायनापुढे पट्टीचा रंग पालटेलच असे नाही. म्हणून पट्टी आली, आता तारीख काढा, बर्फावरचा खर्च वाचवा, असे कंपन्या म्हणू लागल्या तर त्याला कडाडून विरोध व्हायला हवा.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे केले. पेढ्या-बर्फीसाठी जे जमले ते मांसासाठीही जमावे. प्राधिकरणाने या पट्ट्यांच्या चाचण्या घेऊन मानके ठरवावीत. ताज्या आणि नासलेल्या मालाचा रंग पट्टीशेजारीच, मराठीत नावासह छापलेला असावा. दुकानात रंग पालटलेले पाकीट ठेवायला बंदी असावी, आणि त्याचे नुकसान कंपनीने सोसावे. लोणावळ्याच्या छोट्या दुकानदाराच्या माथी ते मारू नये. पावसाळ्यात वीज किती वेळ जाईल, हे त्याच्या हातात नसते.

— एक वाचक, वलवण (ता. मावळ, जि. पुणे)