घर-संसार : आजारपणाचे पैसे आणि रात्रीची ड्यूटी



गेल्या महिन्यात एका दुपारी आमच्या वसाहतीतील एक भगिनी दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी आणि पिशवीत नवऱ्याच्या औषधपाण्याचे कागद. आत ये म्हटले तर म्हणाली, "बसत नाही ताई, एकच विचारायचंय." मी तिला बसवले, पाणी दिले. तिने जे विचारले ते पुष्कळ घरांत मनातल्या मनात विचारले जाते. म्हणून तिच्या संमतीने आणि तिचे नावगाव न सांगता ते येथे लिहीत आहे.

तिचे यजमान अंबरनाथकडच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. पगार महिना १५ हजार. दोन महिन्यांपूर्वी खोकला हटेना, संध्याकाळी ताप येऊ लागला, अंगावरचे कपडे सैल झाले. तपासणीत टीबी निघाला. ईएसआयच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि विश्रांतीचा दाखला दिला. कारखान्याचा पगार थांबला आणि ईएसआयचे पैसे सुरू झाले. पण १५ हजारांच्या जागी साडेदहा हजार. खोलीभाडे ४ हजार, दोन मुलांची शाळा, सासूबाईंचे औषध, त्यात आजारी माणसाला दूध-अंडी. अशा वेळी नात्यातला एक जण निरोप घेऊन आला. एका गोदामावर रात्रीचा वॉचमन हवा आहे. खुर्चीवर बसायचे, रोजचे ४०० रुपये रोख, सही नाही, कागद नाही. "कोणाला कळणार आहे?" असे तो म्हणाला.

"ताई, ही चोरी होईल का?" तिने विचारले. "पोरांच्या तोंडचा घास आहे म्हणून विचारते."

मी तिला चटकन उपदेश केला नाही. साडेदहा हजारांत पाच माणसे कशी जगतात हे ज्याने पाहिलेले नाही त्याने उपदेश करू नये. पण प्रश्न सरळ होता, तेव्हा उत्तरही सरळच द्यायला हवे होते. मी म्हणाले, "बाई, यांना त्या गोदामावर पाठवू नकोस. का, ते नीट ऐक."

पहिली गोष्ट, हे पैसे कोणाची मेहेरबानी नाही. कामगाराच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १५ हजार पगाराला कामगाराचे सुमारे ११३ आणि मालकाचे सुमारे ४८८ रुपये होतात. या वर्गणीतूनच आजाऱ्याचे घर चालते. योजनेचा पाया घातला गेला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४२ ते १९४६ हा तो काळ. त्याच काळात प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. पुढे १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आता ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली आहे. तेव्हा हे पैसे घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, हे पैसे कशाबद्दल मिळतात? आजारी आहे म्हणून नव्हे, तर आजारामुळे कामावर जाता येत नाही म्हणून. आजारी असूनही जो कामावर जातो त्याला ते मिळत नाहीत. ज्या दिवशी माणसाने काम केले, किंवा भरपगारी रजा घेतली, किंवा तो संपावर होता, त्या दिवसाचे आजारपणाचे पैसे नाहीत, हा या योजनेचा पहिल्यापासूनचा नियम आहे. पैसे मागताना कामगार अर्जावर सही करतो की या दिवसांत मी काम केलेले नाही. गोदामावर सही नसेलही, पण ही सही त्याचीच आहे. खोटे लिहून पैसे घेणे हा गुन्हा आहे आणि घेतलेले पैसे परत भरावे लागतात ते वेगळेच.

कोणाला कळणार, असे आपण म्हणतो. वस्तीत कोण कोठे जातो हे दोन दिवसांत नळावर कळते. शिवाय कारखान्यात एखाद्याला कामावरून काढायला कारण शोधणारी माणसे असतात. त्यांच्या हाती आपण होऊन कारण का द्यायचे? ४०० रुपयांसाठी नोकरी आणि विमा, दोन्ही पणाला लागतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे असतात. त्या दिवसांत माणसाला बरे वाटू लागते आणि तेथेच घात होतो. रात्रभर जागरण, सकाळी झोपेत गोळी राहिली, आज राहिली, उद्या राहिली, असे झाले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग तोच आजार जास्त औषधे आणि जास्त दिवस मागतो. म्हणूनच, पैसे घेणाऱ्याने उपचाराखाली राहावे आणि बरे होण्यात अडथळा येईल असे काही करू नये, अशी अटही या योजनेत पहिल्यापासून आहे. ही अट सरकारच्या फायद्याची आहे तशी आपल्या कुंकवाच्याही फायद्याची आहे.

हे ऐकून ती गप्प बसली. मग म्हणाली, "ते सगळं खरं ताई, पण पोट?"

तेव्हा आम्ही दोघींनी कागद जमिनीवर मांडले. त्यातून जे निघाले ते प्रत्येक घराने लिहून ठेवावे.

साध्या आजारपणात पगाराच्या सरासरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पण टीबीसारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी ९१ दिवस संपल्यावर वाढीव लाभ आहे. तो ८० टक्के असतो आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अट एवढी की नोकरीला सलग दोन वर्षे झालेली असावीत आणि त्या काळात निदान १५६ दिवसांची वर्गणी असावी. तिच्या यजमानांची नोकरी सहा वर्षांची. म्हणजे महिन्याभराने १०,५०० चे १२ हजार होणार होते आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हते!

दुसरे, टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकार पैसे देते. २०१८ साली ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १ हजार झाले. नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णासाठी ते आहेत. माणूस कामावर गेला म्हणून ते थांबत नाहीत. हिच्याकडे ते आलेच नव्हते, कारण बँकेचे पासबुक दवाखान्यात दिलेले नव्हते.

तिसरे, बायकोने काम केले तर नवऱ्याचे आजारपणाचे पैसे कमी होत नाहीत. ती घरी पॅकिंगचा माल आणू शकते. पण बायकोच्या नावावर माल आणून रात्री नवऱ्यानेच तो भरायचा, हे नको. ते त्याचेच काम झाले.

येथे एक घोटाळा होतो तोही सांगते. आमच्या ओळखीच्या एका बंधूंची प्रेसमध्ये दोन बोटे गेली. त्यांना दर महिन्याला पैसे मिळतात आणि ते पुन्हा कारखान्यात कामही करतात. ते पाहून लोक म्हणतात, "त्याला चालतं, मग याला का नाही?" त्यांचे पैसे निराळे आहेत. कामावरच्या अपघाताने अंग कायमचे अधू झाले की वैद्यकीय मंडळ कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात जन्मभर पैसे मिळतात. गेलेली बोटे परत येत नाहीत, म्हणून ते काम करूनही मिळतात. पण अपघातानंतर जखम भरेपर्यंत जे ९० टक्के मिळतात ते आजारपणाच्या पैशांसारखेच. त्या दिवसांत काम चालत नाही. तेव्हा शेजाऱ्याचे बघून ठरवू नका, आपल्या कागदावर काय लिहिले आहे ते बघा.

मग कामावर कधी जावे? बरे वाटते म्हणून नव्हे, तर डॉक्टरांनी फिटनेसचा दाखला दिला की. टीबीचे पुष्कळ रुग्ण गोळ्या चालू असतानाच कामावर परत जातात. त्यात काही गैर नाही. दाखला घ्या, कामावर रुजू व्हा आणि त्या दिवसापासून आजारपणाचे पैसे मागू नका. आणि एखाद्याने अडचणीत चार दिवस काम केलेच असेल तर? त्या दिवसांचा दावा करू नका. दावा करून बसला असाल तर युनियनच्या माणसाला सोबत घेऊन शाखा कार्यालयात जा आणि स्वतः होऊन लेखी सांगा. दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगितलेले बरे.

आणखी एक. हे पैसे कागदावरच्या पगारावर ठरतात. ठेकेदार हातात १५ देतो आणि कागदावर ९ दाखवतो, तेव्हा वर्गणी वाचली म्हणून आपण खूश होतो. आजारी पडल्यावर ७० टक्के मिळतात ते नऊचे. अंगात ताकद आहे तोवरच पगाराची पावती तपासून घ्या.

परवा ती भगिनी पुन्हा आली. यजमान गोदामावर गेले नाहीत. पासबुक दवाखान्यात दिले आहे, वाढीव लाभाचे कागद युनियनच्या भाऊंनी भरून दिले आहेत. ती स्वतः सकाळी दोन घरची पोळीभाजी करते. किराणा दुकानात उधारी आहेच, ती मी लपवत नाही. "पण ताई," ती म्हणाली, "यांचं वजन दोन किलोनं वाढलं."

बहिणींनो, आज रात्री घरातल्या पेटीतले ईएसआयचे कागद काढा, मुलांना वाचायला सांगा आणि सर्वांनी मिळून ऐका.

जय भीम.