गाढवाची खरेदी

गाढवाची खरेदी म्हटली की पुष्कळांना हसू येते. पण वीटभट्टीवर माती वाहणाऱ्या कुटुंबास विचारून पाहावे. बैल घेणाऱ्या शेतकऱ्याइतकाच त्याचा जीव या व्यवहारात गुंतलेला असतो. जनावर पांगळे निघाले तर भट्टीचा हंगाम बुडतो आणि घेतलेली उचल डोक्यावर तशीच राहते.

पौषी पौर्णिमेला जेजुरीस गाढवांचा मोठा बाजार भरतो. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार अशा अनेक समाजांची मंडळी तेथे जमतात. काठेवाडी जनावर अंगाने थोराड, म्हणून त्याचा भाव गावरानापेक्षा चढा. भावाचा निर्णय मात्र तोंड उघडून होतो. दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे ते चौवान. या पद्धतीस आधार आहे. पुढचे मधले दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांनी, शेजारचे साडेतीन वर्षांनी व कडेचे साडेचार वर्षांनी येतात. पाचव्या वर्षाच्या सुमारास तोंड भरते. पुढचे वय दातांवरील खळगे किती झिजले यावरून ठरवावयाचे. परंतु गाढवाचे खळगे घोड्यापेक्षा उशिरा पुसले जातात. त्यामुळे उतार वयाचे जनावर जवान म्हणून गळ्यात पडू शकते.

दात इतके निरखून पाहणारा माणूस पाय उचलून पाहत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. ओझे दात वाहत नाहीत! चारही खूर उचलून तळवा पाहावा. तेथे दुर्गंधी येत असेल तर खूर सडत आहे असे समजावे. मऊ मातीत लंगडेपणा झाकला जातो, यास्तव जनावर कठीण जमिनीवर चालवून पाहावे. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती बहुधा जुन्या जखमांची खूण असते.

गाढव आपले दुखणे लपविते. कान पाडून, चाऱ्याला तोंड न लावता ते बाजूस उभे असेल, तर विक्रेता म्हणेल, “फार गरीब आहे.” तेव्हा मूठभर चारा पुढे धरून पाहावा. त्याचा जोडीदार कोण, हेही विचारावे. सोबती तुटल्याने काही गाढवे खाणे टाकतात, रक्तात चरबी वाढते आणि थोड्याच दिवसांत जिवावर बेतते. ऐपत असेल तर जोडी घ्यावी.

माझ्या मते यात्रेपेक्षा पंचक्रोशीतला विक्रेता बरा. त्याचे जनावर ओझ्याखाली चालताना आपण पाहिलेले असते, आणि उद्या तक्रार घेऊन त्याच्या दारी जाता येते. दोन पैसे अधिक पडले तरी चालेल. अडचण एवढीच, की असे विक्रेते विरळ होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली.

खरेदी कोठेही होवो, पावती अवश्य घ्यावी. नाकातून चिकट स्राव वा अंगावर गाठी असलेले जनावर स्वस्तातही घेऊ नये. तो ग्लँडर्स असू शकतो, आणि हा रोग माणसासही होतो. नवे जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे व पशुवैद्याकडून धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

ते किती वाहील, असे विचारताच विक्रेता फुशारकीने मोठा आकडा सांगतो. ओझ्याच्या जनावरांविषयीचे १९६५ चे केंद्रीय नियम गाढवास ५० किलोची मर्यादा घालतात. दिवसाकाठी काम ९ तासांहून अधिक नको, सलग ५ तासांहून अधिक नको. आणि पारा ३७ अंशांवर असेल तेथे दुपारी १२ ते ३ पूर्ण विश्रांती. दिवसाच्या खेपा याच मापाने मोजाव्यात आणि मगच किमतीचा आकडा तोंडातून काढावा.